पहिल्या शिफ्टचे हात

मामा, हल्ली सकाळी उठलो की माझ्या मुठी उघडत नाहीत. शर्टाची बटणं बायको लावते. बारा वाजेपर्यंत बोटं सुटतात, मग मी अगदी धडधाकट दिसतो. तुमचंही नेमकं असंच व्हायचं आणि मी त्याला नाटक म्हणालो होतो.

चाकणच्या कंपनीत पार्टचं माप तपासायचा गेज धरायला तुम्हीच मला शिकवलंत. नवीन असताना मी भीतीपोटी चांगले पार्टसुद्धा खराब मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकायचो, तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "आरं, वंगाळ माल पकडायचा हाय, समदा न्हाई." मग एक दिवस कँटीनमध्ये तुम्ही हळूच विचारलंत, "माझी पहिली शिफ्ट तू घेशील का रं? सकाळच्याला बोटं वळत न्हाईत." दोन महिने मी घेतली. मग पहाटे उठायचा कंटाळा आला आणि सुपरवायझरला जाऊन सांगितलं, मामांना काही झालेलं नाही, दुपारी बघा कसे टकाटक असतात. अदलाबदल बंद झाली. सकाळी सातला तुमच्या हातून पार्ट निसटायला लागले आणि दिवाळीच्या आधी तुम्ही काम सोडलंत.

मला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतो, माझं इंजेक्शन तो दाब काढतं. पण मोकळी सुटलेली शक्ती कधी कधी आपल्याच सांध्यांवर उठते. गाठ लहान झाली आणि बोटं सुजली. तुमच्यासारख्या संधिवातात हे कुठल्याही इंजेक्शनाशिवाय होतं म्हणे. तिथे ती शक्ती शांत करायची, इथे जागी ठेवायची, आणि मला आता दोन्ही हवंय. म्हणून पुढचं इंजेक्शन लांबवून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात. मला तो लाल क्रेट आठवला. मी वाचेन का, हे विचारायचं सोडून मी विचारलं, "दुपारी हात बरे कसे होतात?" त्या म्हणाल्या, "या दुखण्यात तसंच असतं." मान वर करायची लाज वाटली, मामा.

रविवारी सकाळी देहूला मामींकडे गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. माझी बोटं बघून त्यांनी पातेल्यात गरम पाणी आणून ठेवलं. "ह्यांना यानंच बरं वाटायचं," म्हणाल्या. "शेवटपातुर तुझं नाव काढायचे. दोन महिने पोरानं निभावलं म्हणायचे. वर सायबाला कुणी सांगितलं, कळलं का रं कधी?"

मी 'नाही' म्हणालो आणि हात पाण्यातच राहू दिले. तुम्हांला लिहायला जमतंय, कारण तुम्ही वाचणार नाही. मामींच्या पत्त्यावर हे पत्र टाकायची हिंमत माझ्यात नाही.