खडूचा वास

सोमवार, संध्याकाळ. चिंचणी.

पिंकी आज शाळेत गेली. एकदाची.

आठवडाभर घरात बसून होती. "ताई, मी नाही जाणार. बाकावर माझ्या शेजारी कोण बसत नाही. मासळीचा वास येतो म्हणतात." आठवीतली पोर, रडतही नव्हती. आई म्हणाली, "राहू दे घरी. तू पण आठवीतच सोडलीस ना? काय अडलं तुझं?"

मी बोंबील टांगत राहिले. काय अडलं माझं?

परवा रात्री अचानक डोक्यात आलं. तिचा युनिफॉर्म आपण बोंबलांच्या शेजारीच वाळत घालतो, त्याच बांबूवर! आम्हाला कधी वास आलाच नाही. जन्म त्यातच गेला, येणार कसा? काल तो पुन्हा धुतला आणि मावशी राखण करते त्या चिकूच्या वाडीत जाऊन वाळवून आणला. आईने वेड्यात काढलं. काढू दे.

आज पिंकी आली ती बडबडतच. शेजारी रेश्मा बसली होती म्हणे. ड्रेस फेकून खेळायला पळाली. मी तो उचलून नाकाला लावला. बोंबील येतो का बघायचं होतं. मला काय कळणार म्हणा.

बाहीला पांढरं लागलं होतं. फळ्यावर गणित सोडवलं असणार. बघून झालं, तरी ड्रेस खाली ठेववेना.

बोंबलाचा वास मला येत नाही. खडूचा मात्र आला. इतक्या वर्षांनी, लगेच.