भावजींचं बंड

४ फेब्रुवारी

चौकात भावजींचा फलक लागलाय. 'पक्षाला नडणारा आमदार'. नडणारा म्हणे! पक्षाला नडले होते ते आमचे हे. सरकारी रुग्णालय विकायच्या विधेयकाला ह्यांनी विरोधात मत दिलं, विधेयक एका मतानं पडलं, आणि पक्षानं ह्यांचं तिकीट कापून धाकट्या भावाला दिलं. भावजींना तोंडदेखलं 'नको' म्हणायचंसुद्धा सुचलं नाही.

तेव्हापासून हे गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतात. मी विसरलेली नाही.

९ फेब्रुवारी

सभागृहाच्या ग्रंथालयात गेले. कुणी कसं मत दिलं ते तिथे छापील मिळतं. एका रकान्यात पक्षाचा आदेश लिहायचा, शेजारी भावजींचं मत. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अभ्यास चाललाय वाटतं?" म्हटलं, हो, घरगुती विषय आहे.

१० फेब्रुवारी

डोळे दुखले. उद्या पुन्हा.

१३ फेब्रुवारी

सापडलं! भावजी पक्षाविरुद्ध जातात कधी? पक्ष दणदणीत जिंकणार असतो तेव्हाच. बसची भाडेवाढ, शाळा बंद करणं — दोन्हीला विरोध, भाषण, टाळ्या, फोटो. आणि दोन्ही आरामात मंजूर. एकदोन मतांवर आलं, की स्वारी निमूट पक्षाच्या रांगेत. एक नंबरचा लबाड माणूस.

आज जेवण गोड लागलं.

१६ फेब्रुवारी

पत्रक छापायचं, निवडणुकीआधी घरोघर टाकायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सोड गं. आपलाच आहे तो." आपला! तिकीट घेताना कुठे गेलं होतं हे आपलेपण?

धाकटी जाऊ बाजारात भेटली. "ताई, यंदा प्रचाराला या हं." म्हटलं, येणार तर, घरोघर फिरणार. खूश झाली बिचारी.

२० फेब्रुवारी

छापखानेवाला हुशार आहे. म्हणाला, "बाई, शेजारी साहेबांचीही मतं छापा. खरा कोण, खोटा कोण, लोकांना एका नजरेत कळेल." मला कसं सुचलं नाही? उद्या ह्यांच्या आमदारकीच्या वर्षांचं काढते.

२१ फेब्रुवारी

ह्यांचंही तेच. फरक मोठा असला की विरोधात, काठावर आलं की पक्षाबरोबर. पुन्हा पुन्हा तपासलं. तरी म्हटलं, रुग्णालयाचं मत आहे ना. ते तर एका मतावर होतं. ते तरी खरं.

घरी आले. हे गच्चीवर होते. कागद पुढे धरला. वाचून हसले. "पक्षाचे प्रतोदच म्हणाले होते, फरक मोठा आहे, तू खुशाल विरोधात दे, मतदारसंघात बरं दिसेल. आपले डझनभर आमदार चहाला गेलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं."

"आणि भावजी?"

"त्याला मीच शिकवलं. फक्त तो आधी माणसं मोजून घेतो."

म्हणजे रुग्णालय वाचलं ते चहामुळे. आणि मी इतकी वर्षं चारचौघींत मान ताठ करून हिंडले, भावजींना शिव्याशाप दिले. ह्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मला ह्यांचा इतका राग आलाय की रडूही येत नाही.

२२ फेब्रुवारी

छापखान्यात फोन केला. साहेबांचा रकाना काढून टाका म्हटलं. भावजींचा तसाच ठेवा. आणि प्रती दुप्पट करा.