दोन विहिणी दारूच्या म्युझियममध्ये

अहो,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात कधी म्हटलं नाही, आता तुम्ही नसताना म्हटलं तर तुम्हीच विचाराल, ‘सुमन, तब्येत बरी आहे ना?’

तब्येत बरी आहे. मी आज दारू प्यायले, एवढंच. एक घोट. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. आणि त्या घोटापाठोपाठ जे कानावर आलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

सध्या मी अमोलकडे स्वीडनला आहे. गेल्या महिन्यात आपल्याला नात झाली. भुवया तुमच्याच आहेत, कायम कुणावर तरी रागावल्यासारख्या. बाळंतपणाला लातूरहून विहीणबाईही आल्यात. एक बाळ, दोन आज्या. त्या म्हणतात तिळाचं तेल, मी म्हणते खोबरेल. त्या म्हणतात टोपडं घाला, मी म्हणते पोरीला घाम फुटलाय. शेवटी आज सकाळी बाळंतीण शिल्पानंच अमोलला सांगितलं, “दोघींना कुठंतरी फिरवून आण. संध्याकाळशिवाय आणू नकोस.”

अमोल आम्हाला एक जुनं बुडालेलं जहाज दाखवायला निघाला. तिथं ही मोठी रांग, वरून बर्फाचा बारीक मारा, आणि विहीणबाईंचे गुडघे बोलायला लागलेले. शेजारीच दुसरी इमारत होती, दारात चिटपाखरू नाही.

“इथं जाऊ,” अमोल म्हणाला.

“काय असतं इथं?” विहीणबाईंनी विचारलं.

“इथल्या लोकांची... परंपरा.”

परंपरा म्हटल्यावर विहीणबाई पदर सावरून पुढं झाल्या. आत शिरताच तांब्याचं मोठं भांडं दिसलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, “बघा सुमनताई, केवढा बंब! यांच्याकडं पण अंघोळीला बंबच होता की.” अमोल खाली बघत म्हणाला, “मावशी, ती दारूची भट्टी आहे.”

म्हणजे बघा, तीस वर्षं कंधारच्या शाळेत ज्यांनी व्यसनमुक्तीवर भाषणं दिली, त्यांची बायको कुठं उभी होती? एका अख्ख्या देशानं दारू कशी गाळली, कशी प्यायली, पिऊन कोणती गाणी म्हटली, सगळं तिथं काचेमागं मांडलेलं. मी परत फिरणार होते. पण बाहेर बर्फ होता आणि आत शेगडीसारखी ऊब होती. तत्त्वापेक्षा थंडी मोठी असते, हे तुम्हाला नांदेडात बसून कळलं नसतं.

एका काचेत छोटी पुस्तकं होती. कधीकाळी इथं दारू रेशनवर मिळायची म्हणे. प्रत्येकाचं पुस्तक, त्यावर शिक्का. लग्न झालेल्या बाईला मात्र पुस्तक नाही. विहीणबाईंना ते अजिबात पटलं नाही. “का म्हणून? रॉकेलचं कार्ड बाईच्या हातात, अन् हे नाही?” मी म्हटलं, तुम्हाला कशाला हवंय? त्या म्हणाल्या, “मला नको. पण हक्क म्हणून काही आहे का न्हाई?”

पुढच्या भिंतीवर मात्र मी थबकले. टोप्या घातलेली गंभीर माणसं, हातात फलक, मागं बायका-पोरं. अमोल म्हणाला, “आई, हे बाबांसारखे लोक. दारूबंदीसाठी यांनी देशभर मतदान घडवून आणलं. थोडक्यात हरले.” मला तुमची ती प्रभातफेरी आठवली, पोरांच्या खांद्यावर बाटलीची तिरडी, आणि पुढं हलगीवाला, तो स्वतःच झिंगलेला. तुम्ही त्याला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलंत, मग पोरांनी ताटं वाजवली. तिरडीपुढं ताटं! बायका दारात येऊन विचारत होत्या, कुणाला मुलगा झाला?

हसता हसता नागनाथ आठवला, आणि हसू गेलं.

अमोलच्या साखरपुड्याला माझा भाऊ बिलोलीकडून एसटीनं लातूरला आला होता. माझ्यासाठी लुगडं, भाच्यासाठी टोपी-टॉवेल. फोटो काढायला म्हणून तो तुमच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि तुम्हाला दारूचा वास आला. तुम्ही आवाजही चढवला नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालात, “नागनाथ, यातून सुटलास की ये. तोवर माझ्या दारात येऊ नको.”  त्यानं लुगड्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि तो गेला. लग्नात अमोलच्या मागं मामा म्हणून तुमच्या शाळेतले गणिताचे सर उभे राहिले.

मी नंतर तुम्हाला कितीदा सांगितलं, त्यानं सोडली आहे. तुम्ही म्हणायचात, दारुड्याची शपथ पुढच्या बाटलीपर्यंतच. मी त्याला म्हणायची, तूच ये. तो म्हणायचा, “सरांनी बोलवावं, अक्का.” सात वर्षं मी तुम्हा दोघांच्या मध्ये टपाल खात्यासारखी राबले. तुम्ही गेलात त्या दिवशी तो आला होता, माहीत आहे? फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. घाटापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आला आणि तिथूनच परत गेला.

म्युझियमच्या शेवटी बसायला जागा होती. अमोल कॉफी आणायला गेला. आमच्यासमोर एका मुलीनं लाकडी फळीवर चार इवल्या पेल्या आणून ठेवल्या. तिकिटातच होत्या म्हणे. विहीणबाईंनी एक हुंगली. “शेपू आहे,” म्हणाल्या. दुसरी हुंगली. “यात शहाजिरे.” मग शेपूची पेली तोंडाला लावून त्यांनी निकाल दिला, “ग्राइप वॉटर. बाळाला देतो तेच. पोटाला चांगलं असतं.”

मी म्हटलं, अहो, ही दारू आहे. त्या म्हणाल्या, “ग्राइप वॉटर कुठं वेगळं असतं?” आणि शहाजिऱ्याचीही संपवली. तिसरी कसल्या तरी फुलांची होती, तीही. चौथी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी एक घोट घेतला. खोटं का सांगू? घशात विस्तव गेला, आणि मग कान गरम झाले. तुम्ही तीस वर्षं ज्याच्याशी लढलात ते काय आहे, ते एकदा मलाही बघू दे की.

मी डोळे पुसतेय तोवर विहीणबाई रडायला लागल्या.

“डोकं दुखतंय का?”

“डोकं न्हाई. मन दुखून राहिलं.” त्यांनी माझा हात धरला. “सुमनताई, साखरपुड्याच्या दिवशी नागनाथभाऊंना आमच्या ह्यांनी पाजली.”

मला आधी कळलंच नाही.

“हॉलच्या मागं खोलीत पीत बसले होते हे. भाऊंना बोलवून घेतलं. भाऊ नाही नाही म्हणत होते, आठ महिने झाले सोडून म्हणत होते. हे म्हणाले, मुलीच्या बापाचा मान ठेवत न्हाई का? मी दारातच होते. भाऊंनी डोळे मिटून घेतली, औषध घेतल्यासारखी. अन् पुढं सर त्यांना बोलले तेव्हा आम्ही दोघंही मुंडी खाली घालून उभे. भाऊंनी आमच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.”

व्याही हल्ली शुगरमुळं चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. मला त्यांच्यावर रागावायचं होतं, पण डोळ्यापुढं तो फिक्का चहाच येत राहिला.

मी तिथूनच नागनाथला व्हिडिओ कॉल लावला. तो शेतात होता, मागं तूर हलत होती.

“अक्का, कुठून बोलून राहिलीस? मागं बाटल्याच बाटल्या दिसतेत.”

“दारूच्या म्युझियममधून.”

त्यानं फोन तोंडाजवळ घेतला. मग हळूच म्हणाला, “सर गेल्याचं लई मनाला लावून घेतलंस का?”

मी हसले आणि मग विचारलं, “खरं सांग. त्या दिवशी तुला व्याह्यांनी पाजली ना?”

तो बाजूला बघायला लागला. “आता काय त्याचं?”

“तेव्हाच का सांगितलं नाहीस?”

“सरांनी पोराला पाटावरून उठवलं असतं, अक्का. पोरगी चांगली होती. अन् पाजली त्यांनी असंल, तोंड तर माझंच होतं ना.” मग म्हणाला, “त्याच्यानंतर न्हाई शिवलो. तुझी आण.”

अमोल कॉफीचे कप घेऊन मागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. कप खाली ठेवून तो फोनपुढं आला आणि नुसतं “मामा” म्हणाला.  मग नागनाथच म्हणाला, “पोरीला झाका नीट. थंडी असंल तिकडं.” विहीणबाई लगेच म्हणाल्या, “मी तेच सांगून राहिले सकाळपासून!”

आता एक विचारू? तुमचं नाक सगळ्या शाळेत प्रसिद्ध होतं. शिपायाची काल रात्रीची तुम्हाला आज दुपारी कळायची. त्या दिवशी व्याहीही तुमच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, फोटोत आहेत. त्यांचा वास आला नाही तुम्हाला? की आला, आणि मुलीचा बाप म्हणून गिळलात? माझा भाऊ गरीब, तो ऐकून घेणार, हे ठाऊक होतं म्हणून त्याला बोललात? मी रागावून विचारत नाही. तुम्ही भले होता. पण भल्या माणसालाही सोपा माणूस बघून बोलायची सवय लागते. सात वर्षं मीही तुम्हाला हे विचारलं नाही, त्यात माझाही दोष आहेच.

येताना विहीणबाई बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपल्या. घरी शिल्पानं वास घेऊन नुसतं अमोलकडं बघितलं. त्याची बाजू मी घेतली नाही.

पुढच्या महिन्यात मी परत येतेय. आल्या आल्या बिलोलीच्या गाडीत बसणार, आणि नागनाथला घेऊन येणार. तुमचं बोलवायचं राहिलं, तर तुमच्या वतीनं मी बोलवते. तुमच्या वर्षश्राद्धाला पहिलं पान त्याचं, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या आधी. आणि तुमच्या घासाला कावळा शिवला नाही, तर नाही शिवला. अडून बसा हवं तेवढं. नागनाथचं जेवण झाल्याशिवाय मी तुमचं पान कावळ्यापुढं ठेवायची नाही.

एक घोट घेतलेली, पण शुद्धीत असलेली,
तुमचीच
सुमन