रोज एकदा ऐकायचं

ताई,

त्या माणसाने माझ्यावर बळजबरी केली हे मी तुला सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "पुन्हा उच्चार करू नकोस." मी तुझं ऐकलं आणि वर्षभर अंथरुणात पडून राहिले. शिलाई मशीनवर धूळ साचली.

आता समुपदेशक बाईंकडे जाते. तिथे सगळं पहिल्यापासून सांगायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. पहिल्या दिवशी इतकं मळमळलं की बादली जवळ घेऊन बसले. पुढे नुसतं रडू यायचं. काल मात्र ऐकताना मनात आलं, किती रटाळ बोलते मी, आणि चक्क डुलकी लागली.

आज घाबरत बाईंना सांगितलं, ऐकता ऐकता झोपले, गृहपाठ बुडाला. त्या हसल्या. म्हणाल्या, "झोप लागली? अहो, त्यासाठीच तर हा खटाटोप. ऐकून ऐकून त्या भीतीचाच कंटाळा यावा म्हणून."

घरी येऊन मशीनला तेल घातलं. पहिल्याच शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि एकटीच हसत सुटले.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी येते आणि समोर बसून सांगते. तू फक्त ऐक. बादली मी घेऊन येईन.

तुझी,
धाकटी