पहिल्या बाकावरचा प्याला

सांगली, रवि. ३ नोव्हेंबर १९४६
आज उपासनेत ह्यांनी आमोस संदेष्ट्यावर उपदेश केला. पाळकाची बायको म्हणून मी पहिल्या बाकावर, मन मात्र वडूजला. माझे वडील, दादा, माळावर बसून धनगरांना हाच आमोस सांगायचे. एक म्हातारा दरवेळी विचारी, "आवं गुरुजी, देव मेंढरामागं फिरणाऱ्या गड्याशी बोलला व्हय?" दादा म्हणत, "बोलला की. म्हणाला, तुमचे सण नकोत, गाणी नकोत, आधी गरिबाला न्याय द्या." म्हातारा लय खूश. मला खोबऱ्याचा तुकडा द्यायचा, घोंगडीचा वास लागलेला. दादा गेले, ते माळ गेले. फार आठवण येते.

गुरु. ७
दोर वळणारी गजराबाई आणि तिचा नवरा, मांगवाड्यातले. नुकताच बाप्तिस्मा झाला. १७ तारखेला त्यांचं पहिलं प्रभुभोजन, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचं. सारूबाई दुपारी आली. माझी पोरं हिनेच सांभाळली, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. म्हणाली, "त्येंना मागं बसू दे. प्याला पुढनं मागं जातो, त्येंच्याकडं शेवटाला पोचंल. कुणाला काय न्हाई."
खरंच कुणाला काही नाही, मांगांच्या ओठाचं महारांना लागायला नको एवढंच. म्हणूनच राग आला. आम्ही महारवाड्यातून आलो हे इतक्यात विसरलो?

रवि. १०
ह्यांचा उपदेश, यशया संदेष्टा. देवाचं पावित्र्य पाहिलं आणि त्याला आधी स्वतःचेच ओठ अशुद्ध वाटले. मंडळी माना डोलावत होती. सारूबाईसुद्धा.

मंगळ. १२
चर्चचं वडीलमंडळ घरी. प्रत्येकाला वेगळे काचेचे पेले आणू म्हणतात, आरोग्यासाठी! हे म्हणाले, "पटकी आली तेव्हा कुणाला आरोग्य आठवलं नाही." त्यावर उत्तर, अर्धी मंडळी उठून जाईल, मग पाळक ठेवायचा की नाही ते बघू. हे जेवले नाहीत.
दादांचं बरं होतं. धनगर ऐकायचे, मेंढरं हाकत पुढे जायचे. एका प्याल्यातून कुणाला प्यायचं नव्हतं.

शनि. १६
द्राक्षरसासाठी मनुका भिजत घातल्या. मग गजराबाईकडे. "उद्या पुढं बस, माझ्याशेजारी."
"नगं बाई, आमी मागंच बरं."
"ये म्हणते ना."
ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर हे विचार करत बसतील.

रवि. १७
गजराबाई आली. पदर सावरून पहिल्या बाकाच्या टोकाला बसली. प्याला आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. ओठांशी नेताना हात थांबला. मी, दादांची लेक! स्वतःचीच चीड आली. प्यायले आणि मागे सारूबाईला दिला.
कुणी उठलं नाही. सगळे सारूबाईकडे बघत होते. तिने प्याला धरला तो धरलाच. प्याली नाही, पुढे दिला नाही. ह्यांनी शेवटचं गीत सुरू केलं. उपासना संपली. माणसं निघून गेली. गजराबाई खाली मान घालून गेली, तिचं मला फार वाईट वाटतं.
मी सारूबाईजवळ जाऊन बसले. भांडायच्या तयारीने.
ती म्हणाली, "माझा बा येसकर, गावाच्या येशीचा राखणदार. दारोदारचं उष्टं मागून आणायचा, त्याच्यावर आमी वाढलो. जलमात पयल्यांदा हितं मला कुणाच्या तरी आधी मिळणार हुतं. त्ये बी काढून घेतलंस?"
आमोस तोंडपाठ होता. त्यात हे कुठेच नव्हतं. दादांनाही सापडलं नसतं, असं वाटलं आणि रडू आलं.
ती रडली नाही. प्याला तिच्या मांडीवर, निम्मा भरलेला. दोघी तशाच बसलो. कुलूप लावायला हे आले आणि दारातच उभे राहिले.