भोपळा गेल्यानंतरची निरवानिरव

मी, संयोगिता फत्तेसिंगराव मोहिते, वय एकोणसत्तर, राहणार जयनगर, बेंगळुरू, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मी शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकील म्हणाले, हे वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं, त्यावर अधिक लिहायची गरज नाही. माझ्या बाबतीत आहे. माझे धाकटे दीर आप्पाजी यांनी गेल्या जुलैत माझ्याच हॉलमध्ये, शेजाऱ्यांच्या देखत सांगितलं की वैनींचं डोकं ठिकाणावर नाही, घराचं काय ते आत्ताच ठरवून टाका. म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेऊन दाखला सोबत जोडला आहे. दाखला कशासाठी हवा, हे त्यांना सांगताना मला मान वर करवली नाही.

वकिलांना हा कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत हवा होता. तो त्यांनी भाषांतर करून घ्यावा. माझं माहेर निपाणीचं, शाळा मराठी. ज्या गोष्टींची लाज वाटते त्या मला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नाहीत.

कलम १. राहतं घर माझ्या यजमानांनी स्वतःच्या नोकरीवर बांधलं आणि त्यांच्या मागे ते माझ्या नावावर झालं. ते माझा एकुलता एक मुलगा यशोवर्धन याला द्यावं. आप्पाजींनी पाया खोदताना उन्हात उभं राहून देखरेख केली होती. ते मी विसरलेली नाही. पण देखरेख म्हणजे हिस्सा नव्हे. यशोवर्धनने पुढे घर विकायचं ठरवलं तर विकावं, मला वाईट वाटणार नाही.

कलम २. हॉलमधली चार फुटी काचेची टाकी, तिचा फिल्टर, एअर पंप, दिवा आणि लाकडी स्टँड. ही टाकी कोणाला द्यायची हे सांगण्याआधी तिच्यापायी काय झालं ते लिहावं लागेल. होसकोटेपासून मारतहळ्ळीपर्यंत आमच्या नात्यात ती गोष्ट सांगितली जाते, पण प्रत्येक घरात वेगळी.

यजमानांनी निवृत्त झाल्यावर टाकी आणली. सुरुवातीला तीत बरेच मासे होते. मग त्यांनी एक ऑस्कर जातीचा मासा आणला. तो वाढत वाढत तळहाताहून मोठा झाला आणि त्याने बाकीच्यांना खाऊन टाकलं. माझी नात अक्षरा तेव्हा लहान होती. त्याच्या नारिंगी रंगावरून ती त्याला भोपळा म्हणाली आणि तेच नाव राहिलं. यजमान फार बोलणारे नव्हते. लग्नानंतर इतकी वर्षं मला कामापुरतं विचारणारा हा माणूस संध्याकाळी काचेजवळ खुर्ची ओढून भोपळ्याला ऑफिसातल्या जुन्या गोष्टी सांगत बसायचा. मी स्वैपाकघरातून ऐकायची. मला त्या माशाचा हेवा वाटायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढे त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, तोही कन्नड: स्वल्प, म्हणजे थोडं. चहा हवा असला तरी स्वल्प, पंखा नको असला तरी स्वल्प. टाकीचं काम माझ्यावर आलं. मला काही येत नव्हतं. पहिल्याच खेपेला मी फिल्टरचा स्पंज नळाखाली साबण लावून धुवायला नेला, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. टाकीतलंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज नुसता दाबायचा, नळाच्या क्लोरीनने पाणी साफ ठेवणारे सूक्ष्म जीव मरतात, हे त्यांनी मला एका हाताने आणि एका शब्दाने शिकवलं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं. खाणं टाकताना माझा हात सैल सुटला की मागून आवाज यायचा, "स्वल्प." मी मागे वळून कन्नडमधलं 'बरं' म्हणायची, "सरी, कळलं." ते हसायचे. आमच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं दुसरं कुठलं काम मला आठवत नाही.

गेल्या फेब्रुवारीत ते दवाखान्यातच वारले. मी रडले नाही. का, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. घर माणसांनी भरलं. मी चहा केला, सतरंज्या घातल्या. आप्पाजींची बायको कौशल्या माझा खांदा धरून म्हणाली, "अक्का, स्वल्प तरी रडा. मोकळं होऊन जाईल." तिच्या तोंडून नेमका तोच शब्द आला, तरी मला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी टाकीचं पाणी गढूळ दिसलं, म्हणून बादल्या घेऊन उठले. ओसरीवर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

जुलैत भोपळा खायचा थांबला. तळाशी एका कुशीवर पडून राहायचा. मी त्याचा आहार ज्यांच्याकडून आणते ते दुकानदार योगीराज येऊन बघून गेले. म्हणाले, "अक्का, वय झालंय त्याचं. औषधं घालून त्रास देऊ नका." दोन दिवसांनी सकाळी मी पाणी बदलत होते. बादल्या अंगणात न्यायच्या म्हणून पुढचं दार उघडंच होतं. भोपळा वर तरंगत आला. मी त्याला दोन्ही हातांत धरून पाण्यात मागेपुढे हलवलं, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. कल्ले हलायचे थांबले. मी त्याला बाहेर काढून पदरात घेतलं आणि खाली बसले.

त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा होता हे मला नंतर लोकांनी सांगितल्यावर कळलं. मी म्हणत होते, "अहो, गेला हो. गेला."

रस्त्यावर एवढंच ऐकू गेलं. माझ्या घरात 'गेला' म्हणावा असा एकच उरला होता, माझा मुलगा. कोणीतरी यशोवर्धनला फोन लावला; तो मीटिंगमध्ये होता, त्याने उचलला नाही. मग कोणीतरी होसकोट्याला आप्पाजींना फोन करून सांगितलं की मोहित्यांचा मुलगा गेला. आप्पाजी आणि कौशल्या तसेच निघाले. आप्पाजींनीच यशोवर्धनला सायकल शिकवली होती. वाटेत टिन फॅक्टरीपाशी गाड्यांच्या रांगेत अडकलेली असताना कौशल्येने मोटारीच्या खिडकीवर डोकं आपटून घेतलं, असं नंतर कळलं. तिच्या कपाळावर टेंगूळ मी स्वतः पाहिलं.

ती दोघं दारात आली तेव्हा अंगणात वीसेक माणसं उभी होती. मी पदरात मासा घेऊन ओल्या फरशीवर बसले होते. समोरच्या घरातली भव्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. सगळ्यांच्या आधी तीच धावत आली होती आणि तिने काहीही विचारलं नव्हतं. आप्पाजींच्या हातात शेवंतीचा हार होता.

"यशू कुठाय?" आप्पाजींनी विचारलं.

"ऑफिसात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पदरात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. "दादा गेला तेव्हा हिचा डोळा ओला झाला नाही," ते लोकांकडे वळून म्हणाले. "आणि या माशासाठी मला जिवंत पोराचा हार आणायला लावला हिने." त्यापुढे ते जे बोलले ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे. कौशल्या भिंतीला टेकून उभी होती. कपाळावरच्या टेंगळावर तिने पदर दाबून धरला होता. तिच्याकडे बघताना मला वाटलं, ही फरशी फाटावी.

भव्या उठली, तिने आप्पाजींच्या हातातून हार घेतला आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "आणलाच आहे तर अण्णांना घालू या." आणि तिने तो यजमानांच्या फोटोला घातला. त्यामुळे माणसांना निघायला वाट मिळाली. भोपळ्याला तिनेच केळीच्या पानात गुंडाळून अंगणात अनंताच्या झाडाखाली पुरलं.

यशोवर्धन संध्याकाळी आला. बूट न काढता आत आला. "काका म्हणाले मी गेलो," तो म्हणाला. मी हसले नाही, तोही हसला नाही. मग तो यजमानांच्या खुर्चीत बसला.

"बाबांच्या वेळी तू रडली नाहीस."

"नाही."

"मी तुझ्याकडे बघत होतो आई. मनात म्हणत होतो, ही रडली की मी रडेन. तू चहा करायला उठलीस. मग मीही खुर्च्या लावायला उठलो."

"नंतर?" मी विचारलं.

"नंतर कुठे. ऑफिस सुरू झालं."

लोकांपुढे झाली त्या लाजेपेक्षा ही मोठी होती. रस्त्यातून जाताना माणसं कुजबुजतात, लग्नकार्यात बायका मला बघून विषय बदलतात, ते मी सोसते. पण माझ्या कोरड्या डोळ्यांनी मी माझ्या मुलाची वाट अडवून धरली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी तो टाकी रिकामी करायला आला. मी नळी लावून दिली. फिल्टर काढायला त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, काही अडकलं. बघते तर तो काचेला कपाळ टेकून रडत होता. हात पाण्यातच होता. मी जवळ गेले, त्याची बाही आणखी वर सारली आणि तशीच उभी राहिले. टाकी त्या दिवशी रिकामी झाली नाही. पाणी, फिल्टर, सगळं चालू ठेवलं, आणि महिन्याभराने तो स्वतः योगीराजांकडून चार छोटे एंजल मासे घेऊन आला.

म्हणून ही टाकी, तीत त्या वेळी जे असतील त्या माशांसकट, यशोवर्धनला द्यावी. त्याच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये एवढं वजन चालत नसेल तर त्याने ती नीट सांभाळणाऱ्याला द्यावी. मासे तळ्यात सोडू नयेत. ते घरात वाढलेले आहेत. तिथे तेही मरतील आणि तिथल्यांनाही मारतील.

कलम ३. स्वैपाकघराच्या खिडकीतली गप्पी माशांची छोटी टाकी, जाळी आणि सायफनची नळी अक्षराला. निळी बादलीही तिलाच. त्या बादलीला कधी साबण लागलेला नाही, पुढेही लावू नये. परीक्षेच्या दिवसांत पाणी तिच्या वडिलांनी बदलावं.

कलम ४. सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या कौशल्येला द्याव्यात. त्यांवर तिचा डोळा होता हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मी त्या मुद्दाम लग्नकार्यात घालून तिच्यासमोर मिरवल्या, हेही माहीत आहे. पण माझे यजमान गेले त्या दिवशी मोठ्याने रडणारी ती एकटी होती. जे मी करायला हवं होतं ते तिने केलं. कपाळाच्या टेंगळाचीही मी देणेकरी आहे. पाटल्या यशोवर्धनने स्वतः होसकोट्याला नेऊन द्याव्यात, कुरियरने पाठवू नयेत. आप्पाजींना मी काही ठेवलेलं नाही. फक्त त्यांना सांगावं की मुलावर एवढी माया करणाऱ्या माणसाचं तोंडचं वाकडं बोलणं मी मनात ठेवलेलं नाही.

कलम ५. भव्याला माझी निपाणीहून आणलेली पितळी समई. ती नको म्हणेल, तरी द्यावी.

कलम ६. या सगळ्याची अंमलबजावणी यशोवर्धनने करावी.

कलम ७. माझ्या शेवटच्या दिवशी घरी जे येतील त्यांच्या डोळ्यांकडे कोणी बघू नये. कोण रडलं आणि कोण नाही, याची चर्चा ओसरीवर होऊ नये. यशोवर्धन, तुला रडू आलं तर रड. नाही आलं तर चहा कर, खुर्च्या लाव, अक्षराने तुझ्याकडे बघून काही ठरवू नये एवढं तिला आधीच सांग. आणि ते पुढे कधीतरी, भलत्या दिवशी, भलत्याच गोष्टीवरून आलं, तर त्या वेळी घरात जो असेल त्याने आधी पुढचं दार लावून घ्यावं आणि मग तुझ्याजवळ येऊन बसावं.

हा मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

संयोगिता फत्तेसिंगराव मोहिते
ठिकाण: जयनगर, बेंगळुरू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. डॉ. प्रणीत जगताप. बाईंनी सर्व कलमे आमच्यासमोर वाचली. दुसऱ्या कलमात दोन वेळा थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे वाचले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)

२. योगीराज पाटील, मत्स्यविक्रेता. वरीलप्रमाणे. (सही)