पिवळ्या झबल्यातलं बाळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गेल्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये तुमची अशी आठवण आली की मी चक्क हसले. आमच्या प्रसूतिगृहात सध्या एक व्याख्या लिहिणं चालू आहे: नवजात बाळाच्या मेंदूला झालेली कोणती इजा टाळता आली असती म्हणायची. पाच शहाणी माणसं, तीनदा चहा, आणि कागदावर वाक्य एकच, तेही अर्धं.

मला मात्र ती सकाळ दिसत होती. मी नवी नर्स, तुम्ही आम्हाला शिकवणाऱ्या. एका बाळाच्या आजीने कमानिया गेटच्या बाजारातून पिवळंधमक झबलं-टोपडं आणलंय, बाळ त्यात गाढ झोपलंय, आणि मी ऐटीत सांगते, "बाळ एकदम ठीक आहे." तुम्ही झबलं काढता, बाळाला खिडकीशी नेता, कपाळावर बोट दाबून उचलता. खाली कातडी हळदीसारखी. "काहून वं, डोळे घरी ठेवून आली का? पिवळ्यात पिवळं दिसन का?" सगळा वॉर्ड हसला, मी सोडून. आजीला मात्र तुम्ही गोड आवाजात म्हणालात, "अम्माजी, कपड़ा बहुत सुंदर है, आठ दिन बाद पहनाना." बाळ वेळेवर कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली गेलं आणि ठणठणीत घरी गेलं. दुपारी तुम्ही खव्याची जिलबी माझ्यापुढे सरकवलीत. रडत रडत खाल्ली मी ती, पण दोन खाल्ल्या.

मीटिंगमध्ये विषय होता मझौली गावच्या एका बाळाचा. दुसऱ्या दिवशी घरी गेलं, सहाव्या दिवशी परत आलं, तोवर कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, घरवाले ही देर से लाए, इसमें हम क्या करते?" मी म्हटलं, "सर, बच्चे को उजाले में देखना है, यह उनको बताया किसने था?" शेवटी वाक्य पुरं झालं: घरी सोडताना काय बघायचं ते आईला सांगितलं नसेल, तर ती इजा टाळता येण्यासारखीच धरायची. मंजूर झालं तेव्हा मला तुमच्यासारखं तोऱ्यात वॉर्डभर चालावंसं वाटलं, आणि चाललेही.

पण बाई, एक गोष्ट तिथे बोलले नाही. त्या आईला घरी सोडायच्या कागदावर सही माझी आहे. त्या दिवशी गर्दी फार होती, सांगायचं राहून गेलं. उद्या मी मझौलीला जाऊन तिला हे स्वतः सांगणार आहे. सुरुवात कशी करायची ते सुचत नाही, म्हणून तुम्हाला विचारायला बसले होते.